तांडेल कोण?

अलिबागजवळच्या किहीमच्या समोर, किनाऱ्यापासून बरेच आत, वारा पूर्ण पडलेला असताना मासेमारीची एक होडी इंजिन मंद करीत आमच्या जवळ आली. तिच्या नाळेवर उभ्या असलेल्या वयस्क गृहस्थांनी आधी आमच्या लोंबणाऱ्या शिडांकडे, मग आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि विचारले, "तुमच्यान तांडेल कोन हाय?" तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. आमच्या होडीवर माणसे दोनच होती. त्या क्षणी सुकाणूचा दांडा माझ्या नवऱ्याच्या हातात होता, नकाशा त्याच्या मांडीवर होता आणि सकाळपासूनचे सगळे हुकूमही त्यानेच सोडले होते. तरी त्याने जराही न थांबता अंगठ्याने माझ्याकडे खूण केली. "मंग बराबर," ते गृहस्थ म्हणाले, "घरान तीच, दर्यान पन तीच!" त्यांच्या होडीतली पोरे हसली, माझा नवरा हसला, आणि अशा वेळी हसण्यावाचून गत्यंतर नसते म्हणून मीही हसले. होडी थळच्या दिशेने निघून गेली. तो अंगठा मात्र माझ्या डोक्यातून जाईना. त्याने मला मान दिला होता, की प्रश्न टाळला होता, की चारचौघांत बायकोला पुढे करून आपण मिश्कीलपणे मागे राहायचे ही जी पुरुषांची जुनी खोड आहे तिचाच हा समुद्रावरचा प्रकार होता, हे मला तेव्हा काही केल्या ठरवता आले नाही.

ही होडी आमच्या एकट्यांची नाही. ओळखीच्या काही कुटुंबांनी मिळून ती जुन्यात घेतली आणि रविवार वाटून घेतले. जे-२४ या जातीची ती आहे. चोवीस फूट लांबी, पोटाखाली, पाण्यात चार फूट खोल उतरलेला वजनदार कील, एक डोलकाठी, दोन शिडे आणि मागे टांगलेले, बंदरात शिरता-निघताना कामाला येणारे छोटे इंजिन. आत दोन माणसांना वाकून बसता येईल एवढीच खोली आहे आणि सरळ उभे राहायचे असेल तर बाहेर यावे लागते. मुले शिक्षणासाठी लांब गेल्यावर नवऱ्याने शिडाची होडी शिकायचे मनावर घेतले. मी सोबत म्हणून गेले आणि त्याच्यापेक्षा जास्त अडकले. आमच्या वयाची मंडळी साधारणपणे या सुमारास अष्टविनायक करतात किंवा गुडघ्यांसाठी चांगला डॉक्टर शोधतात. आम्ही भरती-ओहोटीचे तक्ते पाहू लागलो, आणि नातेवाइकांच्या नजरेत आमच्याविषयी जी काळजी दिसू लागली तिच्यात थोडी असूयाही आहे असे मला वाटते.

होडीवर जाईपर्यंत मला माझ्या नवऱ्याचा हुकूम सोडण्याचा आवाज माहीत नव्हता. आमच्या घरात निर्णय कोणी घेत नाही, ते होतात. "बघू या", "ठरेल काहीतरी", "तुला चालणार असेल तर" अशा वाक्यांवर आमचा संसार तीन दशके चालला आहे. फ्रीज बदलायचा निर्णयसुद्धा आम्ही दोघांनी मिळून इतका हळूहळू घेतला की शेवटी फ्रीजनेच तो घेऊन टाकला. होडीवर हे चालत नाही. होडी वळवताना बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या पायाशी असलेली ती आडवी नळी, एका बाजूकडून दुसरीकडे जाते, आणि "अगं, जरा डोकं खाली घेशील का" हे वाक्य पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी ती डोक्याच्या उंचीवर येऊन पोहोचलेली असते. म्हणून इथे "खाली!" एवढेच म्हणतात. "घे", "सोड", "धर", "वळतोय". ज्याच्या हातात सुकाणू असते तो बोलतो आणि दुसरा ऐकतो, कारण वारा आणि होडीचे नाक ही दोन्ही एकाच वेळी त्यालाच दिसत असतात. दुसऱ्याचे डोळे दोरात गुंतलेले असतात. हे सगळे मला पटते. तरीही पहिल्यांदा त्याने मला "सोड!" म्हणून ओरडून सांगितले तेव्हा मी दोर सोडला आणि मग संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

तर त्या दिवशी पौषातली अष्टमी होती. कोकणातल्या कुठल्याही घरात ठाऊक असलेला हिशेब इथेही लागू पडतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा. पहाटे सहाच्या सुमाराला पाणी पूर्ण चढलेले, दुपारी बाराच्या आसपास पूर्ण उतरलेले आणि संध्याकाळी पुन्हा चढलेले. म्हणजे खांदेरी बेटाकडे जाताना ओहोटी आम्हाला बंदराबाहेर घेऊन जाणार आणि परतताना भरती आत आणणार. शिवाय अष्टमी म्हणजे भांग, पाण्याच्या कमी चढ-उताराचा दिवस. उधाणाच्या दिवसांत मुंबईचे पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते आणि त्याला ओढही तशीच असते, भांगाला तो जोर निम्म्यावर येतो. माझ्या सासूबाई एकादशी-चतुर्थीसाठी पंचांग पाहत असत. आता ते कालनिर्णय स्वयंपाकघरातून आमच्या झोपायच्या खोलीत आले आहे आणि त्यावर उपासांऐवजी रविवारांभोवती गोल केलेले असतात.

गेटवेसमोरचे पाणी हिवाळ्यातल्या सकाळी सुंदर नसते, हे सांगितले पाहिजे. धुरकट तपकिरी पट्टा क्षितिजावर बसलेला असतो, डिझेलचा वास असतो, आणि धक्क्याच्या पायऱ्यांशी नारळ, फुले, प्लॅस्टिकच्या पिशव्या यांचा एक जाड थर पाण्याबरोबर वर-खाली होत असतो. छोट्या पडावातून आम्ही नांगरलेल्या होडीपर्यंत गेलो. रात्रीच्या दवाने तिची पाठ ओली होती आणि दोर हाताला गार लागत होते. मी मोठे शीड चढवले, नवऱ्याने पुढचे. पुढच्या शिडाच्या कडेजवळ, दोन्ही बाजूंना, लोकरीचा एकेक धागा चिकटवलेला असतो. दोन्ही धागे आडवे, सरळ मागे उडू लागले की शीड वाऱ्याला बरोबर लागले आहे असे समजायचे. आतला धागा उडू-नाचू लागला तर दोर ओढायचा, बाहेरचा कोलमडला तर सोडायचा. आमच्या होडीवरचे धागे माझ्या विणकामातून उरलेल्या लाल लोकरीचे आहेत. एवढ्या महागड्या यंत्रसामग्रीत, जिच्या एकेका कप्पीची किंमत ऐकून मला घेरी येते, सगळ्यात खरे बोलणारी वस्तू म्हणजे हे दोन धागे. त्या सकाळी ते क्षणभर लोंबकळले, थरथरले आणि मग हळूच आडवे झाले. मतलई वारा होता.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे यांच्या दोन आकृत्या असत. एकीत बाण जमिनीकडून समुद्राकडे, दुसरीत समुद्राकडून जमिनीकडे. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, पाणी दोन्ही गोष्टी सावकाश करते. रात्रभर निवलेल्या जमिनीवरून हवा समुद्राकडे वाहते, दुपारी उलट. पाच गुणांचा प्रश्न हमखास. मी तो बऱ्याचदा लिहिला असेन, पण त्या बाणाच्या आत आपण स्वतः बसलो आहोत हा अनुभव पन्नाशीनंतर आला. पाठीमागून, उरण-करंजाच्या अंगाने, थंड आणि जरा धुराचा वास असलेली झुळूक येत होती. होडी आवाज न करता निघाली. कुलाब्याच्या टोकाला १८७५ मध्ये बांधलेले प्राँग्सचे दीपगृह उजव्या हाताला धुरकटातून आधी पुसट आणि मग लाल-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांसह स्पष्ट झाले. मांडव्याच्या पहिल्या बोटी आमच्या बाजूने गेल्या. त्यांच्या मागे कुरव पक्ष्यांची झुंड होती, कारण प्रवासी त्यांना वेफर्स टाकतात आणि थंडीपुरते इथे आलेले हे पाहुणे आता पोट भरण्यासाठी बोटींच्या वेळापत्रकावर अवलंबून आहेत. बोट गेली की तिची लाट आमच्याखालून जाते, चहाचा पेला तिरका होतो, आणि नवरा "धर" म्हणतो. मी धरते. सकाळभर सुकाणू त्याच्याकडे होते आणि दोर माझ्याकडे. तसे आधी ठरले नव्हते, निघताना तो मागे बसला आणि मी पुढे, इतकेच.

मांडवा, सासवणे, आवास मागे पडत गेले. दहा वाजल्यानंतर धागे एकदा खाली आले, पुन्हा उठले आणि मग सरळ खाली लोंबू लागले. शीड एखाद्या जुन्या धोतरासारखे काठीला लटकले. बूम करकरत इकडून तिकडे जाऊ लागली.

वारा पडला.

मतलई वारा संपलेला आणि खारा अजून सुरू न झालेला, असा एक मधला वेळ असतो. पुस्तकातल्या दोन आकृत्यांच्या मधली तिसरी आकृती कोणी काढत नाही, कारण तीत दाखवायला बाणच नाही. समुद्र अशा वेळी चकचकीत आणि जड दिसतो. उन्हाला अचानक धार येते. तोवर वाऱ्यामुळे न जाणवलेले ऊन मानेवर बसते. दूरच्या होडीतले बोलणे शब्दन् शब्द ऐकू येते. ओहोटी मात्र आपले काम करीतच असते, त्यामुळे शिडे मेलेली असूनही किनारा हळूहळू उत्तरेकडे सरकताना दिसतो, आणि आपण काहीच करत नसताना कुठेतरी जातो आहोत ही जाणीव सुखद नसते. इंजिन सुरू करावे असे मला वाटत होते. नवऱ्याला वाटत नव्हते. त्याने तसे सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आम्ही पुन्हा घरच्या पद्धतीवर आलो होतो. डब्यातली गूळपोळी निघाली. संक्रांत नुकतीच झालेली होती आणि तूप न लावता गूळपोळी खाणे हे माझ्या मते पाप असल्यामुळे तुपाची छोटी बरणीही बरोबर होती. ते तूप दोरांना लागू नये म्हणून जी कसरत करावी लागली ती शिडे हाताळण्यापेक्षा अवघड होती. आणखी एक अडचण अशा वेळी बाईमाणसाला येते आणि समुद्रपर्यटनाची रम्य वर्णने करणारे तिच्याविषयी कधी लिहीत नाहीत. या होडीवर न्हाणीघर नाही. एक बादली आहे, आत वाकून शिरायची ती खोली आहे, आणि बाहेर बसून निष्ठेने क्षितिजाकडे पाहत राहणारा नवरा आहे. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही त्या वेळी तो गाणे गुणगुणू लागतो, हे मला फार सभ्यपणाचे वाटते.

समोर किहीमची सुरूची रांग दिसत होती. १९३० मध्ये सालिम अली याच किनाऱ्यावर राहिले होते. मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी गेली होती, हातात काम नव्हते, आणि त्यांच्या पत्नी तेहमिना यांच्या माहेरच्यांचे किहीमला छोटे घर होते. तिथे राहून, झाडाजवळ उंचावर बसून, त्यांनी सुगरण पक्ष्यांचे घरटी बांधणे महिनोन्महिने पाहिले आणि त्यावर लिहिले. सुगरणीचा नर घरटे अर्धे बांधून ठेवतो, मादी येऊन ते तपासते आणि पसंत पडले तरच पुढचे काम होते. हे निरीक्षण त्यांचेच. मला मात्र समुद्रातून त्या झाडांकडे पाहताना तेहमिनांचा विचार येत होता. नवऱ्याची नोकरी गेलेली असताना त्याला तासन् तास पक्षी पाहू देणारी, त्यासाठी शहर सोडून येणारी ही बाई त्या घरात दिवसभर काय करीत असेल? १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सुकाणू त्यांच्या संसारात नक्की कोणाच्या हातात होते हे किनाऱ्यावरून कोणी विचारले असते, तर सालिम अलींनी कोणाकडे बोट दाखवले असते, असा प्रश्न मला पडला खरा. पण तो नंतर, घरी आल्यावर. तेव्हा मी फक्त नवऱ्याला म्हणाले, "बघ, तो माणूस मचाणावर बसायचा आणि बायको घर चालवायची." तो म्हणाला, "मचाण बांधून कोणी दिलं असेल?" यावर मला लगेच उत्तर सुचले नाही.

ती मासेमारीची होडी आली ती याच सुमारास. त्या गृहस्थांना थट्टा करायची नव्हती, काम होते. पुढे खांदेरीच्या वाटेवर त्यांची जाळी लावलेली होती आणि आमच्यासारख्या खोल कील असलेल्या होडीने ती फाडू नयेत म्हणून कुठून जायचे हे त्यांना तांडेलाला सांगायचे होते. नवऱ्याचा अंगठा माझ्याकडे वळताच त्यांनी आपले सगळे बोलणे माझ्याकडे वळवले. कुठल्या रंगाची निशाणे, कुठे थर्मोकोलचे ठोकळे आणि कुठे नुसते पांढरे डबे, कोणत्या खुणेच्या बाहेरून जायचे, पाणी फिरल्यावर जाळी कुठल्या बाजूला ओढली जातील, हे सगळे त्यांनी मला उद्देशून, हाताने दिशा दाखवत, दोनदा सांगितले. मी दोन्ही वेळा मान हलवली. नवरा ऐकत होता, पण त्याला कोणी सांगत नव्हते.

कोळ्यांच्या घरात बाई साधारणपणे होडीवर जात नाही, हे मला माहीत आहे. पण होडी किनाऱ्याला लागली की मासळी तिच्या हातात जाते. वाटणी, बाजार, भाव, उधारी, घरचा पैसा हे सगळे तिचे. ससून डॉकला किंवा थळच्या किनाऱ्यावर पहाटे उभे राहिले की नवऱ्याने रात्रभर आणलेल्या मालाचा निकाल बायको किती झटपट लावते हे दिसते. म्हणून "घरान तीच" हे त्या गृहस्थांच्या तोंडून आले ते नुसते टोमणा म्हणून आले असे मी मानत नाही. त्यांच्या दृष्टीने ती माहिती होती. "दर्यान पन" यात थट्टा होती, आणि ती माझी नव्हे, माझ्या नवऱ्याची होती. हे मला तेव्हा उमगले असते तर मी जास्त मोकळेपणाने हसले असते. मला तेव्हा राग आला होता तो वेगळाच. वारा नसताना तांडेलपद कोणीही कोणालाही देईल. होडी चालत नसली, वळत नसली, एकही दोर ओढायचा नसला, म्हणजे हुकूम सोडायचा अधिकार बायकोच्या ओटीत घालायला काय लागते? सकाळच्या वाऱ्यात हाच प्रश्न विचारला असता तर अंगठा कुठे वळला असता?

हे मी त्याला बोलून दाखवले नाही. मी म्हणाले, "जाळी कुठे आहेत ते मला सांगितलंय. सरक." तो सरकला.

खारा वारा आधी दिसतो, मग लागतो. पश्चिमेला चकचकीत पाण्यावर एक गडद निळी रेघ उमटली, ती जाड झाली, तिच्या कडा आमच्याकडे पसरत आल्या, आणि मग गालावर ओलसर, मिठाचा वास असलेली पहिली झुळूक आली. लाल धागे उठले. सुकाणूच्या दांड्यात जीव येतो तो क्षण मला फार आवडतो. मेलेले लाकूड हाताला उत्तर देऊ लागते, तळव्याला पाण्याची थरथर जाणवते. होडी कलली, सळसळ सुरू झाली. पांढरे डबे मला बरोबर त्या गृहस्थांनी सांगितलेल्या ठिकाणी दिसले आणि मी त्यांच्या बाहेरून गेले. नवरा आता माझ्या जागी, दोरांशी बसला होता.

खांदेरीला आम्ही उतरलो नाही. तटबंदीच्या काळ्या दगडावर लाटा फुटताना, १८६७ चे दीपगृह आणि त्याखालची हिरवळ पाहत तिच्या उत्तरेने एक फेरा मारला, एवढेच. वेताळाच्या देवळाकडे जाणारी माणसे दिसत होती. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले त्यांत खांदेरीही आहे आणि त्यामुळे इथली वर्दळ आता वाढणारच. मला मात्र या बेटाची १६७९ मधली गोष्ट पाण्यावरून जास्त कळली. महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी बेटावर तट बांधू लागला तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी आपली जहाजे आणून बेटाची नाकेबंदी केली. बेटावरच्या माणसांना अन्न, दारूगोळा, चुना सगळे किनाऱ्यावरून यायचे. ऑक्टोबरमध्ये झालेल्या लढाईत दौलतखानाच्या मराठी आरमाराने इंग्रजांचे 'डव्ह' हे गलबत पकडले, त्यांचे 'रिव्हेंज' हे जहाज मात्र निभावून गेले. पण पुस्तकात वाचताना जे लक्षात आले नव्हते ते असे की वाऱ्यावर विसंबलेली मोठी जहाजे अशा पडलेल्या वाऱ्याच्या वेळी जागच्या जागी डुलत राहणार आणि वल्ह्यांनी चालणाऱ्या हलक्या, उथळ होड्या किनाऱ्यालगतच्या कमी पाण्यातून त्यांच्या डोळ्यांदेखत निघून जाणार. तासभर त्याच पाण्यात लोंबकळून आल्यानंतर मला त्या इंग्रज कप्तानांची अगदी थोडी, फारच थोडी, कीव आली.

परतीला निघालो तेव्हा पाणी फिरले होते आणि वारा चांगलाच भरला होता. आता तो वायव्येकडून, डाव्या गालावर येत होता. होडीला शक्य तितके वाऱ्याच्या तोंडाला धरून, एका कुशीवर कलवून, उत्तरेकडे न्यायचे होते. नाळेवरून उडालेले पाणी तोंडावर येत होते. ओठ खारट, डोळे चुरचुरत, आणि कलत्या होडीच्या वरच्या काठावर बसून बसून मांड्या भरून आलेल्या. सुकाणू मागायला त्याने हात पुढे केला नाही आणि मीही दिले नाही. एकदा जोराचा झोत आला तेव्हा त्याचा हात मोठ्या शिडाच्या दोरावर गेला, मी पाहिले, आणि तो तिथेच थांबला. "सोडू?" त्याने विचारले. "थोडा," मी म्हणाले.

या किनाऱ्यावरून दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये 'म्हादेई' ही शिडाची होडी घेऊन एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात परत आले. एकट्याने जाण्यात धाडस प्रचंड आहे, यात वाद नाही. पण तांडेल कोण हा प्रश्न तरी तिथे सुटलेला असतो. त्याहून मला कुतूहल आहे ते नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोन अधिकाऱ्यांचे, ज्या २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्याहून 'तारिणी'वर निघाल्या आणि आठ महिन्यांनी पृथ्वीला वळसा घालून आल्या. दोघीच. अशा होडीवर एक जागी असते तेव्हा दुसरी झोपते आणि जी जागी तिच्या हाती होडी; झोपणारीने हे मनापासून मानले नाही तर तिला झोप लागणार नाही. आमच्या एका दिवसाच्या सहलीत झोपायची वेळ येत नाही. म्हणूनच कदाचित आम्हाला भांडायला इतका वेळ मिळतो.

भांडण झाले ते जहाजावरून. खांदेरीहून गेटवेला यायचे म्हणजे बंदरात शिरणाऱ्या-निघणाऱ्या मोठ्या जहाजांची खोल वाट ओलांडावी लागते. उजवीकडून, न्हावा-शेवाच्या बाजूने, एक कंटेनरवाहू जहाज बाहेर निघाले होते. तीनशे मीटर लांबीची ही धुडे त्या खोल वाटेतून बाजूला होऊ शकत नाहीत आणि थांबायचे म्हटले तरी लगेच थांबत नाहीत. मोकळ्या समुद्रात इंजिनाच्या जहाजाने शिडाच्या होडीला वाट द्यायची असा नियम आहे खरा. पण १९७२ च्या त्याच आंतरराष्ट्रीय नियमांत असेही आहे की अरुंद वाटेत अशा जहाजाच्या मार्गात शिडाच्या होडीने येऊ नये. नवरा म्हणाला, "वेग चांगला आहे, पुढून निघून जाऊ." मी जहाजाच्या नाकाकडे पाहिले. आमच्या काठावरच्या दुसऱ्या खांबाच्या अगदी रेषेत ते होते. थोड्या वेळाने पुन्हा पाहिले, होडीची दिशा तीच होती आणि जहाज मोठे झाले होते, पण खांबाच्या रेषेतून हलले नव्हते. दुसऱ्या जहाजाची दिशा बदलत नाही आणि ते मोठे होत जाते, याचा अर्थ दोघे एकाच जागी पोहोचणार आहेत. "मागून जाणार," मी म्हणाले. "अगं, सहज जाऊ." "मागून." त्याच्या चेहऱ्यावर पराकोटीची असहमती होती. दोर हातात घेऊन त्याने विचारले, "सोडू?" मी म्हणाले, "सोड." त्याने दोर सोडला, मी दांडा माझ्याकडे ओढला, होडीचे नाक जहाजाच्या शेपटीकडे वळले.

ते आमच्या समोरून गेले तेव्हा आकाशाचा बराचसा भाग कंटेनरांनी भरून गेला होता. इंजिनाचा आवाज कानांपेक्षा छातीत जास्त जाणवला. वर, फार वर, कठड्याशी एक माणूस उभा होता. त्याने हात केला की नुसता कपाळावर धरला ते कळले नाही. जहाजाच्या सावलीत क्षणभर आमचा वारा गेला आणि धागे पडले, मग जहाजाने मागे सोडलेल्या लाटा आल्या, आणि मग पुन्हा वारा आला. नवरा बंदरातल्या मिडल ग्राउंड बेटापर्यंत काही बोलला नाही. मीही बोलले नाही. पण मला तेव्हा एवढे नक्की कळले होते की दुपारी त्याने अंगठा दाखवला त्याचे मोल या "सोडू?"पुढे फारसे नव्हते. पटत नसताना, हातात दोर असताना, विचारून सोडणे याला काय म्हणायचे? प्रेम म्हणायला माझी जीभ कचरते, शिस्त म्हटले तर फारच कोरडे होते. तसे घरी, फ्रीजच्या बाबतीत, त्याने कधी केलेले नाही. मीही केलेले नाही.

पाच वाजता होडी नांगराच्या बोयाला बांधली. शिडांना गोड्या पाण्याचा हात मारला, दोर गुंडाळले, बादली विसळली, तुपाची बरणी आश्चर्यकारकरीत्या शाबूत होती. पडाववाल्याने "आज वारा चांगला होता" म्हटले आणि दोघांनी एकाच वेळी "हो" म्हटले. टॅक्सीत तो झोपला. घरी आल्यावर अंघोळीनंतरही कानांमागे मीठ हाताला लागत होते.

रात्री जेवताना त्याने मीठदाणी ताटापुढे ठेवली, तिच्या बाजूला चमचा आडवा ठेवला आणि म्हणाला, "हे जहाज, हे आपण. एवढं अंतर होतं. सहज निघून गेलो असतो." मी चमचा होता तिथेच ठेवला आणि मीठदाणी चार बोटे पुढे सरकवली. "ते काय थांबलं होतं आपल्यासाठी?" त्याने चमचा उचलला, विचार केला, चमचाही चार बोटे पुढे नेला. मी मीठदाणी पुन्हा सरकवली. आमटी निवत चालली होती.